उसाची वाहतूक आणि वाहनावरील भाराची मर्यादा

शिरोळ तालुक्यात गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे जयसिंगपूर, नांदणी, शिरोळ, कुरुंदवाड या गावांचे रस्ते रात्रंदिवस उसाच्या वाहनांनी गजबजून जातात. कृष्णा व पंचगंगा यांच्या काठच्या काळ्या रानांतला ऊस ट्रक व ट्रॅक्टरांतून शिरोळ, टाकळीवाडी, हुपरी येथील कारखान्यांकडे जातो. यांपैकी बरीचशी वाहने शेतकरी कुटुंबांतील तरुणांनी कर्ज काढून घेतलेली असतात. मालक तोच आणि पुष्कळदा चालकही तोच. वाहनावर किती ऊस भरावा, हा प्रश्न अशा वाहनमालकाच्या दृष्टीने केवळ कायद्याचा नसून त्याच्या प्रपंचाचा असतो. म्हणून त्याचा विचार हिशेबाने करणे अगत्याचे आहे.

जादा भार का भरला जातो?

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. खेप एकच, डिझेलही जवळजवळ तेवढेच. मग चार टन अधिक नेले तर तेवढी मिळकत वाढली, असे मालकास वाटते. हंगामापूर्वी तोडणी मुकादमास दिलेली उचल व वाहनाच्या कर्जाचा हप्ता ही दोन्ही ओझी त्याच्या डोक्यावर असतात. मुकादमाने ऐन वेळी टोळी आणली नाही, तर उचल बुडते आणि ती भरून काढण्यासाठी मालक प्रत्येक खेपेत थोडा थोडा भार वाढवू लागतो. शेतकऱ्याचाही आग्रह असतो की, फडात ऊस शिल्लक न ठेवता एकाच खेपेत सर्व न्यावा. सर्वांच्या सोयीने वाढलेल्या या भाराचा धोका मात्र वाहनमालकाच्या एकट्याच्या वाट्यास येतो.

वाहन व रस्ता यांवर होणारे परिणाम

भार वाढला की ब्रेकची शक्ती तेवढीच राहते. त्यामुळे वाहन थांबण्यास लागणारे अंतर वाढते. टायरवर मर्यादेबाहेर वजन पडले की तो अधिक तापतो आणि फुटण्याचा संभव वाढतो. उसाची थप्पी जितकी उंच जाते, तितका वाहनाचा तोल वरच्या बाजूस सरकतो. ओल्या पाणंदीत एक चाक रुतले किंवा पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात उतरले, तर असे वाहन उलटण्यास वेळ लागत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मागील ट्रेलरांचा भार फार झाला, तर उतारावर ट्रेलर ट्रॅक्टरला पुढे ढकलतात आणि चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू हाती राहत नाही.

रस्त्याची हानी तर भाराच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वेगाने वाढते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवून याविषयी प्रयोग करण्यात आले. त्यांवरून असा अंदाज निघाला की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात होते. म्हणजे आसावरील भार दुप्पट झाला तर झीज सुमारे सोळा पट होते आणि सव्वापट झाला तरी ती जवळजवळ अडीच पट होते. हंगामात ज्या रस्त्याने ऊस जातो, त्याच रस्त्याने पुढे वर्षभर मुले शाळेत जातात व भाजीपाला बाजारात जातो, हे विसरता येत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ११३ प्रमाणे, नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक वजनाचे भरलेले वाहन चालवता येत नाही. केंद्र शासनाने १६ जुलै २०१८ रोजी या मर्यादा वाढवल्या. तीन आसांच्या दहा चाकी ट्रकची मर्यादा त्या वेळी २५ टनांवरून २८.५ टन करण्यात आली. तथापि, प्रत्येक मालकाने आपल्या नोंदणीपुस्तकातील आकडाच प्रमाण मानावा. शेजाऱ्याच्या ट्रकवरून अंदाज करू नये.

१ सप्टेंबर २०१९ पासून दंडाची रक्कम बरीच वाढली आहे. त्यापूर्वी जादा भारासाठी किमान २,००० रुपये व प्रत्येक जादा टनास १,००० रुपये दंड होता. सुधारलेल्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये व शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड ठरला असून जादा माल उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. माल वाहनाच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेला असल्यास २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वाहन थांबवण्यास किंवा वजन करून देण्यास नकार दिल्यास हा दंड ४०,००० रुपये आहे.

दंड भरला म्हणजे भरलेले वाहन तसेच पुढे नेता येते, ही समजूत चुकीची आहे. जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. वाहनावर पगारी चालक असला तरी मालक सुटत नाही. भार त्याच्या माहितीने किंवा हुकुमाने भरला गेला, असे न्यायालय गृहीत धरू शकते.

एका खेपेचा हिशेब

समजा, एका ट्रकची नोंदणीपुस्तकातील मर्यादा २८.५ टन आहे आणि रिकाम्या ट्रकचे वजन १० टन आहे. त्यावर १८.५ टन ऊस भरता येतो. मालकाने २२.५ टन भरला, म्हणजे ४ टन जादा झाला. वाहतुकीचा दर टनास ३०० रुपये धरला, तर या खेपेत त्याला १,२०० रुपये अधिक मिळतात. पकडला गेल्यास दंड २०,००० अधिक ८,००० मिळून २८,००० रुपये होतो. तेवीस खेपांची जादा मिळकत एका दंडात जाते आणि तरीही दंड पुरता फिटत नाही.

याखेरीज उतरवण्याची मजुरी, दुसऱ्या वाहनाचे भाडे, बुडालेली पाळी व लवकर झिजलेले टायर हे खर्च निराळेच. रस्त्याकडेला उतरवलेला ऊस वाळून त्याचे वजन घटते. ते नुकसान शेतकऱ्याचे होते. अपघात झाल्यास जादा भाराचे कारण दाखवून विम्याच्या भरपाईत कपात होऊ शकते.

मोळ्यांवरून भार कसा ठरवावा?

फडात वजनकाटा नसतो, ही वाहनमालकांची अडचण खरी आहे. परंतु कारखान्याच्या काट्याची पावती प्रत्येक खेपेनंतर हाती येते. तिचाच उपयोग पुढील खेपेसाठी करता येतो.

१. पहिल्या खेपेस थोडा कमी भार भरावा व वाहनावर चढलेल्या मोळ्या मोजाव्यात. दर पाच मोळ्यांस वहीत एक खूण केली तरी पुरे.

२. पावतीवरील उसाच्या निव्वळ वजनास मोळ्यांच्या संख्येने भागावे. उदाहरणार्थ, १६.५ टन वजन व १,१०० मोळ्या असल्यास एक मोळी सरासरी १५ किलोची होते.

३. वाहनास परवानगी असलेल्या भारास या सरासरीने भागावे. १८.५ टनांस १,२३३ मोळ्या येतात. मोळ्या लहानमोठ्या असतात. सबब तीसेक मोळ्या सोडून १,२०० वर थांबावे.

४. फड बदलला की हिशेब पुन्हा करावा. को ८६०३२ व को एम ०२६५ या जातींची, तसेच आडसाली ऊस व खोडवा यांची मोळी सारख्या वजनाची नसते. टोळी बदलली तरी मोळीचा आकार बदलतो.

५. त्या संख्येस थप्पी कोठवर येते, तेथे वाहनाच्या सांगाड्यावर रंगाची रेघ ओढावी. रात्री भरताना ती उपयोगी पडते.

या रीतीने टोळीचेही नुकसान नाही. तिची मजुरी टनावर असते आणि फडातील एकूण ऊस तेवढाच राहतो. उलट, फळीवरून उंच थप्पीवर मोळी चढवताना होणारे मजूर स्त्री-पुरुषांचे हाल कमी होतात.

शेतकरी व कार्यकर्ते यांचे काम

शेतकऱ्याने शेवटच्या शंभर-दोनशे मोळ्यांसाठी वाहनमालकास गळ घालू नये. फडाचा अंदाज आधी घेऊन खेपांची संख्या चिटबॉयशी बोलून ठरवली, तर शिल्लक उसाची पंचाईत राहत नाही. पाणंदीतील खड्डे व चर तोडणीपूर्वी बुजवून द्यावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी गावातील वाहनमालकांची बैठक घ्यावी, प्रत्येकास आपले नोंदणीपुस्तक आणावयास सांगावे आणि त्यावरून वाहनाचा परवानगीचा भार त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्यावा. पहिल्या आठवड्यातील काट्याच्या पावत्या त्या आकड्याशी ताडून पाहिल्या, म्हणजे कोणाचा हिशेब कोठे चुकतो ते सर्वांसमोर येईल.

हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. वाहनाचे कर्ज मात्र अनेक वर्षे फेडावयाचे असते. बेताच्या भाराने रोज सुखरूप घरी येणारे वाहनच ते कर्ज फेडते.