वर्षाचं धान्य, बारा महिने

मराठवाड्यात पाऊस भरवशाचा नाही. १९७२च्या दुष्काळात कामावर मिळालेली सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी खाल्लेली माणसं अजून आमच्या सोनपेठ भागात आहेत. त्यांच्या घरात कणगी भरलेली असणं ही हौस नसते. अशा घरात संसार करताना जे शिकले, ते लिहिते.

१. तुरीची कीड शेतातूनच येते. भुंगेरा शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि वरून स्वच्छ दिसणारी तूर दोन-तीन महिन्यांत भोकाभोकांची होते. म्हणून खायची तूर अख्खी ठेवू नये, सुगी आटोपली की डाळ करून घ्यावी. या भुंगेऱ्याला गुळगुळीत, अख्खा दाणा लागतो. भरडलेल्या डाळीवर त्याची पैदास फारशी होत नाही. जुन्या बायका तुरीला तेलपाणी लावून, वाळवून जात्यावर भरडायच्या, त्यामागचं शहाणपण हेच. मूग, चवळी, मटकी अख्खीच ठेवावी लागते. त्यांना किलोमागे चमचाभर एरंडेल दोन्ही हातांनी चोळावं. तेलाने अंड्याला हवा मिळत नाही, ते आतच मरतं.

२. कीड मारायला आपल्याकडचं ऊन पुरेसं आहे. एप्रिल-मेमध्ये काळ्या ताडपत्रीवर बोटभर थर पसरला, की दाण्यांची उष्णता ५० अंशांच्या वर जाते आणि तेवढ्या उष्णतेत तासाभरात किडे मरतात. थर जाड केला तर किडे खाली गारव्याला जाऊन बसतात. ज्वारी दाताखाली कट्कन फुटली पाहिजे, दबली तर आणखी ऊन द्यायचं. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल आहे. ही परीक्षा कणगी भरायच्या आधी करावी, नंतर उपयोग नाही.

३. उन्हातून उचललेलं धान्य तसंच कोठीत लोटू नये. रात्री पत्रा गार होतो, आतल्या गरम वाफेचं पाणी होतं आणि झाकणाखालचा थर आधी कुबट होतो. संध्याकाळी सावलीत निववून मगच भरावं.

४. नव्या धान्यात जुनं मिसळायचं नाही. रिकामी कोठी सांध्यांतला भुगा काढून, उन्हात उपडी करून ठेवावी. सोंडे त्या भुग्यातच वर्ष काढतात. कोठी गळ्यापर्यंत भरावी, कारण मोकळी जागा म्हणजे किड्यांना हवा. पूर्वीचं पेव याच तत्त्वावर चालायचं. जमिनीखाली बंद झालेल्या ज्वारीतला प्राणवायू संपायचा आणि कीड मरायची. माणूसही मरायचा. म्हणून पेव उघडून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय कोणी आत उतरत नसे.

५. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवूनच घालावा. हिरवा पाला धान्याला ओल देतो. चाळलेली कोरडी राख बियाण्याला फार चांगली, ती किड्याच्या अंगावरचं मेण खरवडते आणि किडा सुकून मरतो. बोरिक पावडर मी खायच्या धान्यात घालत नाही.

६. साठवायचं ते धान्य, पीठ नव्हे. बाजरीचं पीठ काही दिवसांतच कडवट होतं.

७. भाज्याही वाळवाव्यात. हरभऱ्याचे खुडलेले शेंडे धुवायचे नाहीत, आंब जाते. तसेच सावलीत वाळवले की पावसाळ्यात भाकरीबरोबर त्या भाजीला तोड नाही. गवार, खारोड्या, कुरडया आणि भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार येसर घरात असलं, की भाजीवाचून अडत नाही.

८. भुईमूग शेंगेतच ठेवावा, दाणे लागतील तसे फोडावेत. बुरशी लागलेला, काळपट, कडू दाणा निवडून फेकाच. त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही आणि ते यकृतावर उठतं.

९. झडीच्या दिवसांत मोठी कोठी उघडू नये. पंधरा दिवसांचं धान्य डब्यात काढून घ्यावं.

१०. आता सर्वांत महत्त्वाचं. धान्यात ठेवायची म्हणून गोळी मिळते, ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही, आणि ज्या खोलीत कोठी असते त्याच खोलीत आपली लेकरं झोपतात. कायद्याने ही गोळी सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी आहे, घरासाठी नाही. शेजारणीने कौतुकाने दिली तरी घेऊ नका आणि आधीच घरात आणून ठेवली असेल तर कोठीत घालू नका. ऊन, एरंडेल आणि घट्ट झाकण एवढ्यावर आमच्या घरचं धान्य पुढच्या सुगीपर्यंत टिकतं.