पेटीवरील वॅट आणि खर्जाचे ओझे

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपली प्रवासी गाडी घेऊन आवारात आला. गाडीच्या चारही दारांत त्याने नवे स्पीकर बसविले होते. आसनाखाली ॲम्प्लिफायर होता. एक स्पीकर मुका झाला होता, दुसरा फाटल्यासारखा घरघरत होता. त्याची तक्रार मात्र निराळीच होती. "सर, आवाज भरपूर येतो, पण गाण्याचे शब्दच कळत नाहीत. पेटीवर तर तीनशे वॅट लिहिलंय!" दोन महिन्यांची बचत त्याने या सामानात घातली होती. ते निकामी झालेले स्पीकर आम्ही विज्ञान विभागाच्या टेबलावर उघडले. तेथे जे आढळले ते गाडी बाळगणाऱ्या अनेक पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम पेटीवरील आकडा पाहू. "कमाल ३०० वॅट" हे शब्द ठळक होते; त्याखाली बारीक अक्षरांत "आरएमएस ५० वॅट" असे छापले होते. खरा आकडा हा दुसरा. स्पीकर तासन्‌तास किती विद्युतशक्ती पेलू शकेल, हे आरएमएस सांगते. कमाल आकडा क्षणभराच्या धक्क्याचा असतो आणि तो कसा मोजला हे बहुधा कोणी सांगत नाही. दोन्ही आकडे सहनशक्तीचे आहेत. स्पीकर किती मोठ्याने वाजेल, हे त्यांतून कळतच नाही. त्यासाठी संवेदनशीलतेचा आकडा पाहावा लागतो, म्हणजे ठरावीक शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो तो. संवेदनशीलता ३ डेसिबलने अधिक असलेला स्पीकर ५० वॅटमध्ये जे काम करतो, त्यासाठी दुसऱ्याला १०० वॅट लागतात. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज कानाला दुप्पट वाटत नाही. तसा भास होण्यास सुमारे दहापट शक्ती द्यावी लागते.

डेकवर छापलेले "५० वॅट गुणिले चार" हेही नववी-दहावीच्या गणिताने तपासता येते. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट दाब असतो आणि स्पीकरचा रोध सहसा ४ ओहम. दाबाचा वर्ग भागिले रोध, हे शक्तीचे सूत्र. उत्तर येते सुमारे ५२ वॅट. पण ही शक्ती तरंगाचे माथे पूर्ण कापून त्याचा चौकोन केला तरच मिळते, म्हणजे संगीत पुरते बिघडल्यावर. स्वच्छ तरंगासाठी याच्या निम्मी, सुमारे २६ वॅट. आतील गळती वजा जाता वीसच्या आसपास. ॲम्प्लिफायरवर तर "१००० वॅट" लिहिले होते. आम्ही त्याचा फ्यूज काढून पाहिला: ३० अँपिअर. तीस गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. आत सलग एवढेच जाऊ शकत असेल, तर बाहेर हजार कोठून यावेत? अशा यंत्रात निम्म्याच्या आसपास शक्ती उष्णतेत जाते. उरलेली चार वाहिन्यांत वाटली की प्रत्येकी पन्नास-साठ वॅट हाती येतात. खरेदी करताना फ्यूज पाहण्याची ही युक्ती दुकानदारास फारशी रुचत नाही, पण ग्राहकाच्या खिशाचे रक्षण करते.

मग स्पीकर गेला कशाने? येथे खर्जाची गोष्ट सुरू होते.

स्पीकरच्या कागदी शंकूला मागे तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या अरुंद फटीत पुढेमागे होते. आवाजाचा जोर शंकूच्या त्वरणावर अवलंबून असतो. म्हणून तितकाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. समजा, १६० हर्ट्झला तो पाव मिलीमीटर हलतो. तर ८० हर्ट्झला एक मिलीमीटर आणि ४० हर्ट्झला चार मिलीमीटर. साडेसहा इंची दारातल्या स्पीकरची सरळ चाल काही मिलीमीटरच असते. त्यापुढे वेटोळे फटीबाहेर डोकावू लागते, त्यावरील बल घटते आणि शंकू हुकुमाप्रमाणे हलेनासा होतो. गायकाचा आवाजही त्याच शंकूवर स्वार असतो. खर्जाच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी तो कमीजास्त होतो, शब्दांच्या कडा विरघळतात. "शब्दच कळत नाहीत" याचे कारण हे होते. ही विकृती वॅटची मर्यादा गाठण्यापूर्वीच येते, हे विशेष ध्यानात घ्यावे.

त्यात आणखी एक भर पडली. बेसचे बटण त्याने टोकापर्यंत फिरवून ठेवले होते. १२ डेसिबल वाढ म्हणजे त्या सुरांसाठी सोळापट शक्ती. तीन वॅटचे काम तेथे ४८ वॅटवर जाते. ॲम्प्लिफायरची शक्ती संपते, तरंगाचे माथे कापले जातात आणि कापलेला तरंग मूळच्या दुपटीपर्यंत शक्ती वेटोळ्यात ओततो. स्पीकर जेमतेम एक टक्का विजेचा आवाज करतो. बाकीची सारी उष्णता. मुका झालेल्या स्पीकरच्या वेटोळ्याचे लाखेचे आवरण जळून काळे पडले होते.

"पण बेस एवढा वाढवलास का?" असे विचारता तो म्हणाला, "सर, पहिल्यापासून बेस येतच नव्हता." हे उत्तर आम्हाला महत्त्वाचे वाटले. गाडीतील चालू स्पीकरच्या तारांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला असता एका दाराचा शंकू बाहेर उडी मारी, दुसऱ्याचा आत. डाव्या दाराच्या तारा उलट जोडलेल्या होत्या! एक शंकू हवा ढकलीत असता दुसरा ती ओढीत होता. लांब तरंगांचे खर्ज सूर परस्परांना खोडून काढीत होते. तो उणेपणा भरून काढण्यास त्याने बेस वाढविला, मग अधिक वॅटचे स्पीकर घेतले, मग ॲम्प्लिफायर. मूळ दोष एका तारेच्या अदलाबदलीचा होता. (आमच्या प्रयोगशाळेतही पूर्वी अशी जोडणी झाली होती आणि ती शोधण्यास आम्हाला एक दिवस लागला, हेही कबूल केले पाहिजे.)

तारा सरळ केल्या, बेसचे बटण मध्यावर आणले. नंतर डेकच्या यादीत "एचपीएफ" हा पर्याय शोधला. ही एक चाळणी आहे. ठरवलेल्या वारंवारतेखालचे सूर ती स्पीकरपर्यंत पोहोचू देत नाही. ती ८० हर्ट्झवर, प्रतिसप्तक १२ डेसिबल उतारावर ठेवली. त्यामुळे ४० हर्ट्झला स्पीकरवर पडणारी शक्ती सुमारे एक-सोळांश राहते. यात गाण्याचे नुकसान होते काय? बोलणाऱ्या पुरुषाच्या आवाजाचा पायाभूत सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रीचा २०० च्या. शब्द ज्यांनी ओळखू येतात ती व्यंजने तर याहून कितीतरी वर असतात. ज्यांना त्याखालचा ढोलाचा घुमारा हवाच, त्यांनी त्यासाठी मोठ्या पडद्याचा, पेटीबंद सबवूफर स्वतंत्र घ्यावा. दारातील लहान स्पीकरवर ते ओझे टाकू नये. जुन्या डेकमध्ये ही सोय नसेल, तर ४ ओहमच्या स्पीकरच्या एका तारेत सुमारे ४०० मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर जोडावा. १०० हर्ट्झखाली प्रतिसप्तक ६ डेसिबल घट मिळते. सौम्य उपाय आहे, पण स्वस्त.

ॲम्प्लिफायरच्या गेनविषयी एक सूचना. ते आवाज वाढविण्याचे बटण नव्हे. स्पीकर सोडवून ठेवावेत, डेकचा आवाज तीन चतुर्थांश ठेवावा, १००० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळूहळू वाढवावा. ५० वॅट व ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचे वर्गमूळ सुमारे १४. मीटरवर १४ व्होल्ट दिसताच थांबावे.

दारातील भोके आणि पोकळ पत्रा यांची व्यवस्था लावली असती, तर खर्ज आणखी सुधारला असता, कारण शंकूच्या मागची हवा पुढे येऊन मिसळली की तोच नाश पुन्हा होतो. पण त्या दिवशी वेळ नव्हता. त्याला संध्याकाळचे प्रवासी होते. शिल्लक दोन चांगल्या स्पीकरवर त्याने आपले नेहमीचे गाणे लावले, पहिले कडवे ऐकले आणि न सांगता आवाज दोन घरे कमी केला. जळालेला स्पीकर तो येथेच ठेवून गेला. नववीची मुले त्याच्या टोकांना मीटर लावतात, काटा हलत नाही, आणि मग आम्ही फळ्यावर १४.४ हा आकडा लिहितो.