नार्डूची भाकरी

जगात जितके देश, तितके आहार. एका देशात जे अन्न पाहुण्याच्या पानात मानाने वाढतात, तेच पाहून दुसऱ्या देशातील माणसे नाक मुरडतात. जपानात कच्चा मासा आवडीने खातात. मेक्सिकोच्या काही भागांत भाजलेले नाकतोडे बाजारात विकावयास असतात. आणि ज्या हिंगाच्या फोडणीवाचून आपले वरण रुचत नाही, त्या हिंगाला जर्मन भाषेत ‘सैतानाची घाण’ अशा अर्थाचे नाव आहे! तेव्हा आपण जसे दुसऱ्याच्या ताटाला हसतो, तसे दुसरेही आपल्या ताटाला हसत असतात.

नाक मुरडणे ही वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु दुसऱ्याच्या अन्नामागे काही ज्ञान असेल, हे ज्याला सुचत नाही, त्याच्या ते प्राणावरही बेतू शकते. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

इ. स. १८६० च्या ऑगस्ट महिन्यात मेलबर्न शहरातून एक मोठी तुकडी निघाली. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडावयाचे, हा तिचा हेतू होता. रॉबर्ट बर्क हा तिचा नायक होता. रुक्ष प्रदेशातून जावयाचे म्हणून हिंदुस्थानातून मुद्दाम उंट आणविले होते. त्या उंटांबरोबर जॉन किंग नावाचा एक तरुण आला होता. तो पूर्वी हिंदुस्थानात शिपाई होता.

खंडाच्या मध्यभागी कूपर नावाच्या ओढ्याकाठी तळ पडला. काही मंडळींना तेथे ठेवून बर्क, विल्स, ग्रे आणि किंग असे चौघे डिसेंबरमध्ये उत्तरेकडे निघाले. ते समुद्राच्या अगदी जवळ पोहोचले. परतीच्या वाटेवर मात्र शिधा संपत आला आणि ग्रे मरण पावला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ रोजी सायंकाळी कसेबसे तळावर आले. पाहतात तो तळ ओस पडलेला! चार महिने वाट पाहून तेथील मंडळी त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. एका झाडाच्या खोडावर खूण कोरून त्यांनी जवळच थोडा शिधा पुरून ठेवला होता. तो किती दिवस पुरणार? लवकरच उरलेले दोन्ही उंटही गेले आणि तिघे त्या ओढ्याकाठी अडकून पडले.

नवख्या माणसाला तो मुलूख उजाड वाटे. परंतु तेथे यांद्रुवांधा नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहत होते. ओढ्यातील मासे आणि शिंपले, रानातील बिया आणि लहान प्राणी हे त्यांचे अन्न. या लोकांनी उपाशी पाहुण्यांना पोटभर मासे दिले; भाजलेले उंदीरही दिले. विल्सने ते खाल्ले आणि ते फार चविष्ट असल्याचे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. याखेरीज त्यांनी एक प्रकारची भाकरी दिली. तिला ते ‘नार्डू’ म्हणत.

नार्डू ही नेच्याच्या वर्गातील, पाणथळ जागी वाढणारी वनस्पती. तिला बारीक, कठीण बोंडे येतात. यांद्रुवांधा स्त्रिया ती दगडावर भरडीत, त्यांची टरफले काढीत, पाणी घालून वाटीत आणि राखेत भाकरी भाजीत.

पुढे पाहुण्यांचा आणि यजमानांचा स्नेह टिकला नाही. बर्कचा स्वभाव संशयी होता. एकदा त्याने त्या लोकांनी आणलेले मासे त्यांच्या हातून उडवून दिले आणि त्यांच्यावर बंदूक झाडण्याचा हुकूम किंगला दिला. ते लोक दूर निघून गेले. तिघांना वाटले, आता नार्डूची झाडे आपल्याला सापडली आहेत. मग त्यांची गरज काय? ते बोंडे गोळा करीत, आपल्या समजुतीप्रमाणे कुटीत आणि रोज भरपूर खात. पोट भरे, परंतु अंगातील शक्ती दिवसेंदिवस कमी होई. पाय लटपटू लागले, नाडी मंदावली. आपण भुकेने खात आहोत, तरी या अन्नाने अंगी काहीच लागत नाही, याचे विल्सला नवल वाटे. जूनच्या अखेरीस विल्स मरण पावला आणि त्याच सुमारास बर्कनेही प्राण सोडला.

असे का झाले? नार्डूच्या बोंडांत ब-१ हे जीवनसत्त्व नष्ट करणारे एक द्रव्य असते. पाण्याने आणि भाजण्याने त्याचा जोर कमी होतो. त्या तिघांनी अन्न घेतले, परंतु ते सिद्ध करण्याची कृती पुरती शिकून घेतली नाही. हेच त्यांच्या अशक्तपणाचे एक मोठे कारण असावे, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. कोकणातील आजी अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल घालते, ते केवळ चवीसाठी नव्हे; त्याने घशाला खाज येत नाही. जी कृती आपल्याला नुसती रीत वाटते, तिच्यात पिढ्यांचा अनुभव साठविलेला असतो.

एकटा उरलेला किंग यांद्रुवांधा लोकांच्या शोधात निघाला. त्यांनी झाला प्रकार मनात न ठेवता त्याला आश्रय दिला आणि आपल्या घासातील घास दिला. त्यानेही पक्षी मारून आणून दिले आणि एका स्त्रीच्या हाताच्या जखमेवर उपचार केले. बर्कचा मृतदेह पाहून ते लोक रडले व त्यांनी तो झुडपांनी झाकला. १५ सप्टेंबर १८६१ रोजी शोधपथक तेथे आले, तेव्हा किंग अत्यंत कृश झालेला, परंतु जिवंत होता.

प्रत्येकाने सर्वच अन्न खावे, असा याचा अर्थ नव्हे. धर्म, सवय, आवड यांप्रमाणे जो तो आपला आहार ठरवितो. नको असलेला पदार्थ नम्रपणे नाकारता येतो. परंतु दुसऱ्याच्या डब्याकडे पाहून ‘शी!’ म्हणण्यापूर्वी ‘हे कसे करतात?’ असे विचारून पाहावे. त्या एका प्रश्नाने स्नेह जडतो आणि ज्ञानही मिळते.

स्वाध्याय
१. बर्क आणि त्याचे सोबती कूपर ओढ्याकाठी का अडकून पडले?
२. यांद्रुवांधा स्त्रिया नार्डूची भाकरी कशी करीत?
३. पोटभर खाऊनही तिघे अशक्त का होत गेले?
४. तुमच्या घरातील एखाद्या पदार्थाच्या कृतीमागील कारण वडील माणसांना विचारा व ते आठ-दहा ओळींत लिहा.