शाळेचा डीएसएलआर बदलायचा? आधी हे गणित करून बघा



स्नेहसंमेलनाचे फोटो आले की दरवर्षी तीच तक्रार असते. नाचणारी मुलं हललेली, चेहरे काळपट, नाहीतर फोटोत नुसते दाणे. मग पालकसभेत कुणीतरी म्हणतंच, "कॅमेरा जुना झालाय, नवा घेऊ या." वर्गणीही जमते. पण पैसे पालकांच्या खिशातले आहेत, तेव्हा दुकानात जाण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. आठवीच्या मुलांनाही बसवा, कारण यातलं सगळं गणित त्यांच्या पुस्तकातलंच आहे.

उदाहरण म्हणून बऱ्याच शाळांत असतो तसा कॅनन ११००डी घेऊ. हे मॉडेल २०११ चं, १२.२ मेगापिक्सेलचं. त्याच रांगेतला १५००डी आला २०१८ मध्ये, २४.१ मेगापिक्सेलचा. दुकानदार म्हणेल, दुप्पट! पण फोटोची रुंदी किती वाढली? ४२७२ ठिपक्यांवरून ६००० ठिपके, म्हणजे फक्त १.४ पट. क्षेत्रफळ दुप्पट झालं की बाजू २ च्या वर्गमुळाएवढीच वाढते, हे मुलं लगेच ओळखतील. आता ए-४ कागदावर इंचाला ३०० ठिपके धरून स्वच्छ छपाई करायची तर ३५०८ × २४८०, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके लागतात. जुन्या कॅमेऱ्यात १ कोटी २२ लाख आहेत. शाळेच्या वार्षिक अंकाला आणि फलकाला ते पुरून उरतात.

बरं, बाकी काय बदललं? वायफाय आलं, व्हिडिओ फुल एचडी झाला. पण फोकसचे बिंदू तेव्हाही ९, आताही ९. सेकंदाला फोटो तेव्हाही ३, आताही ३. आयएसओची नेहमीची मर्यादा दोन्हीकडे ६४००. बाहेरून माइक जोडायची सोय दोन्हीकडे नाही. मग हललेल्या फोटोंचं काय होणार? फारसं काही नाही!

खरी अडचण प्रकाशाची आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ लेन्स झूम केली की तिचं छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठं उघडत नाही. ५० मिमीची साधी एफ/१.८ लेन्स घ्या आणि फळ्यावर दोन वर्तुळं काढा. ५० ला १.८ ने भागलं तर व्यास आला सुमारे २८ मिमी. ५.६ ने भागलं तर सुमारे ९ मिमी. क्षेत्रफळं काढा: ६१६ आणि जेमतेम ६४ चौरस मिमी. साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश! ज्या हॉलमध्ये १/२० सेकंद लागत होते, तिथे तेवढ्याच आयएसओवर सुमारे १/२०० सेकंदात काम होतं. लेझीम खेळणाऱ्या मुलीचा हात स्पष्ट येतो. आणि या लेन्सची किंमत नव्या कॅमेऱ्यापेक्षा खूपच कमी.

तिच्याही मर्यादा आहेत हो. या कॅमेऱ्यांत ५० मिमी लेन्स ८० मिमीसारखी दिसते, त्यामुळे छोट्या वर्गात पाठ भिंतीला टेकली तरी सगळी मुलं मावणार नाहीत. शिवाय एफ/१.८ वर पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर, असं होतं. गटाच्या फोटोला जुनी लेन्सच लावा. निकॉनवाल्यांनी मात्र जपून. त्यांच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. 'एएफ-एस' लिहिलंय ना, ते बघूनच घ्या.

मग नवा कॅमेरा कधी घ्यावा? मुलांकडून नाटकं, मुलाखती, प्रयोगांचे व्हिडिओ करून घ्यायचे असतील तेव्हा. २०१९ चा २००डी मार्क २ पाहा: पडदा फिरतो, बोट लावलं की फोकस होतो, माइक जोडता येतो, व्हिडिओत चालणारं मूल फोकसमधून निसटत नाही. इथे पैसे कारणी लागतात. एक ध्यानात असू द्या, २०२० नंतर कॅनन आणि निकॉननी नवा डीएसएलआर आणलेला नाही, दोघांचंही लक्ष आता मिररलेसकडे आहे. त्यामुळे डीएसएलआर बऱ्याचदा वापरलेलाच मिळेल. घाबरायचं कारण नाही, कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या आर मालिकेच्या मिररलेसवरही चालतात, म्हणजे आज घेतलेली लेन्स उद्या वाया जात नाही.

वापरलेला घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लेन्स परत करा. कोकणात आणि मुंबईकडे पावसाळ्यात हा त्रास हमखास. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवा, कपाटातल्या कापडी पिशवीत नको.

आणि जुना ११००डी विकू नका. त्याची एलपी-ई१० बॅटरी १५००डीलाही चालते, त्यामुळे नवी बॅटरी अजून सहज मिळते. तो सातवी-आठवीच्या मुलांच्या हातात द्या, पट्टा गळ्यात अडकवायला लावून.