मेलेल्या बुरशीची भीती

जांघेत खाज सुटली तेव्हा सगळे करतात तेच मी केलं. मेडिकलवाल्याला हळू आवाजात सांगितलं, त्याने ट्यूब दिली. चार दिवसांत खाज गेली, पंधरवड्यात दुपटीने परतली. तिसरी ट्यूब संपेपर्यंत गजकर्ण पोटावर चढलं होतं. मग कुठे त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. ट्यूब पाहून त्या म्हणाल्या, "यात क्लोबेटासॉल आहे, म्हणजे स्टेरॉइड. खाज दबते, बुरशी मात्र फोफावते."

त्यांनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसले. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध सुरू झालं. महिना उलटला तरी ढिम्म फरक नाही. नमुन्यातली बुरशी वाढवून बघायची, म्हणजे कल्चर, तर चार आठवडे लागणार, शिवाय उगवलेली बुरशी नेमकी कोणती हे नुसतं बघून ओळखणं कठीण. म्हणून नमुना डीएनए तपासणीला गेला. तिथे बुरशीच्या 'आयटीएस' या भागाचा क्रम वाचला आणि नाव कळलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून २०२० साली तिचं हे बारसं केलं. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला रोखतं, त्याच्याच जनुकात हिच्या अनेक वाणांनी बदल करून घेतलाय. बाईंनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या. दोन महिन्यांत कातडी स्वच्छ.

माझा शहाणपणा यापुढचा. खात्री हवी म्हणून, कोणालाही न विचारता, दुसऱ्या प्रयोगशाळेत पीसीआर ही डीएनए तपासणी केली. पॉझिटिव्ह! घाबरून उरलेल्या कॅप्सूल परत सुरू केल्या. आठवडाभर मळमळ सोसून शेवटी बाईंपुढे उभा राहिलो.

"कोरोनातून बरी झालेली माणसं कित्येक दिवस पॉझिटिव्ह यायची, आठवतंय?" त्या म्हणाल्या. "पीसीआर डीएनए शोधते. तो जिवंत बुरशीचा की मेलेल्या, हे तिला कळत नाही. आणि या कॅप्सूल यकृताला, हृदयाला बाधू शकतात."

म्हणून सांगतो. आधी काचपट्टीची साधी, स्वस्त तपासणी करा. औषध लागू पडत नसेल, बुरशीची जात कळायला हवी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डीएनए तपासणीकडे वळा. नमुना देण्याआधी लावलेली प्रत्येक ट्यूब सांगा, मलम किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा. कोंडा चट्ट्याच्या कडेचाच जाऊ द्या. बुरशी तिथेच जोमात असते. निगेटिव्ह आलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका: नमुना अपुरा असेल, किंवा त्या चाचणीच्या यादीत तुमची बुरशीच नसेल. आणि बरं झालो का, हे पीसीआरला विचारू नका. ते कातडी बघणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

तो रिपोर्ट अजून कपाटात आहे. पॉझिटिव्हच आहे. खाज मात्र नाही.