चाचांचा छोटा ट्रॅक्टर

पाठ परिचय : खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक असतो. खेळणे मनाने बनवतात, प्रतिकृती मापाने बनवतात. जुन्या ट्रॅक्टरची प्रतिकृती करताना लेखिकेला काय काय समजले, ते या पाठात सांगितले आहे.



हिंगोलीचा दसरा तुम्ही पाहिला असेल. रामलीला मैदानावर मोठे प्रदर्शन भरते. आकाशपाळणे फिरतात, मिठाईची आणि खेळण्यांची दुकाने लागतात. मी पाचवीत असताना चाचांनी मला तेथून प्लॅस्टिकचा एक ट्रॅक्टर घेऊन दिला. घरी आल्यावर त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि ते हसू लागले.

"बेटा, याची चारही चाके सारखी आहेत. मागे नांगर जोडायला जागाच नाही. हा ट्रॅक्टर शेतात काय करील?"

चाचांना हे चटकन दिसले, कारण ते गावातल्या एका शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर चालवत असत. तो ट्रॅक्टर एचएमटीचा होता, 25 अश्वशक्तीचा. एचएमटी हे नाव तुमच्या आजोबांनी मनगटी घड्याळावर वाचले असेल. त्याच सरकारी कंपनीने 1971 साली हरियाणातील पिंजोर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या मदतीने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली होती.

"रविवारी ये," चाचा म्हणाले. "आपण खरा ट्रॅक्टर मोजू. मग घरी तसाच छोटा बनवू."

रविवारी आम्ही शिंप्याकडचा टेप आणि एक वही घेऊन गेलो. चाचा मोजत होते, मी आकडे लिहीत होते. चाचांच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती. त्यामुळे टेपचे एक टोक मला धरावे लागे. ती बोटे कशी गेली, हे मी तोपर्यंत कधी विचारले नव्हते.

आता हे माप लहान कसे करायचे? उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. समजा, ट्रॅक्टरची लांबी 320 सेंटिमीटर आहे. मागच्या चाकाची उंची 128 सेंटिमीटर आणि पुढच्या चाकाची उंची 72 सेंटिमीटर आहे. प्रत्येक आकड्याला 32 ने भागा. लांबी 10 सेंटिमीटर होईल, मागचे चाक 4 सेंटिमीटरचे आणि पुढचे चाक सव्वादोन सेंटिमीटरचे होईल. याला एकास बत्तीस हे प्रमाण म्हणतात. एक भाग जरी दुसऱ्या प्रमाणात केला, तरी सगळी प्रतिकृती बिघडते.

चाके पुठ्ठ्याची केली, धूर सोडण्याची नळी जुन्या पेनाच्या कांडीची केली. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी तुम्ही केली असेल. त्याच धाटाच्या मऊ गाभ्यापासून आम्ही बसायची जागा केली. काम करता करता मी प्रश्न विचारी आणि चाचा उत्तर देत.

"मागची चाके मोठी का?"

"ट्रॅक्टरला ओढायचे काम असते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. मोठे चाक जमिनीवर जास्त जागा धरते, म्हणून काळ्या मातीत ते कमी रुतते. टायरवरच्या जाड तिरप्या पट्ट्या माती पकडतात. पुढची चाके फक्त वळण्यासाठी असतात."

ट्रॅक्टरच्या मागे तीन दांडे असतात. दोन खाली आणि एक वर. यांना थ्री-पॉइंट लिंकेज म्हणतात. पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता अडकवत. नांगर एखाद्या खडकात अडकला की ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उचलले जाई. कधीकधी ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर पडे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी नांगर तीन ठिकाणी पक्का जोडला आणि तो तेलाच्या दाबाने वरखाली करण्याची सोय केली. 1939 साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात या पद्धतीचे ट्रॅक्टर बनू लागले. आज जवळजवळ सर्व ट्रॅक्टरांना हीच जोडणी असते. तुम्ही ज्याला 'लिफ्ट' म्हणता, ती हीच.

या लिफ्टला वेगवेगळी अवजारे जोडतात. 'अवजार' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण 'औजार' म्हणतो. 'हंगाम', 'खरीप', 'रब्बी' हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. 'मशागत' हा शब्द तर 'मशक्कत' पासून आला आहे. जमिनीसाठी केलेली मेहनत म्हणजे मशागत!

पलटी नांगर माती खोलवर उकरून उलटी करतो. कल्टिव्हेटर, म्हणजे आपल्याकडची पंजी, ढेकळे फोडते. रोटाव्हेटर माती बारीक करतो. पेरणीयंत्राने बी आणि खत एकाच वेळी पेरतात. आपल्या वसमत भागात हळदीसाठी सरी पाडण्याचे किंवा गादीवाफे करण्याचे अवजारही जोडतात.

ट्रॉली मात्र लिफ्टला नाही, खालच्या हुकाला जोडतात. ती माल वाहण्यासाठी असते, माणसे वाहण्यासाठी नसते. 4 एप्रिल 2025 रोजी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या महिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. 7 महिला मरण पावल्या. त्या कोणाच्या आई होत्या, कोणाच्या बहिणी होत्या. मित्रांनो, ही गोष्ट विसरू नका.

आमची प्रतिकृती पूर्ण होत आली, तेव्हा चाचांनी मागच्या बाजूला एक लहान दांडा बसवला. मी विचारले, "हा कशाला?"

"हा पीटीओचा दांडा. इंजिन चालू असताना हा फिरतो आणि मळणीयंत्र चालवतो. हा एका मिनिटात 540 फेरे घेतो."

चाचांनी मला हिशेब करायला सांगितला. 540 भागिले 60. उत्तर आले 9. म्हणजे एका सेकंदात 9 फेरे! तुम्ही 'अरे' म्हणेपर्यंत दांडा 9 वेळा फिरलेला असतो. त्यात ओढणी, बाही किंवा केस अडकले, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून या दांड्यावर झाकण असते.

मग चाचांनी टिकलीएवढ्या पत्र्याचे झाकण कापले आणि दांड्यावर बसवले. मी वही उघडली.

"चाचा, खऱ्या ट्रॅक्टरला झाकण नाही. आपण तर जसेच्या तसे करायचे ठरवले होते."

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

"खऱ्याला पण होते, बेटा. काम लवकर व्हावे म्हणून आम्हीच ते काढून ठेवले. त्या वर्षी मळणीच्या वेळी माझी बाही अडकली. म्हणून याला झाकण राहू दे."

त्या दिवशी मला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

मित्रांनो, आपल्या देशात ट्रॅक्टर बनू लागले, त्याला आता खूप वर्षे झाली. 1959 साली फरिदाबाद येथे आयशर कंपनीने भारतात बनवलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. 1963 साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी सुरू केली. तिचा बी-275 हा ट्रॅक्टर गावोगाव पोहोचला. 1974 साली पंजाबमध्ये स्वराज ट्रॅक्टर बनू लागला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनीच तयार केला होता. आज जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर भारतात तयार होतात.

पण जुने ट्रॅक्टर कोठे गेले? बहुतेक भंगारात गेले. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 साली घेतला. चाचांचा ट्रॅक्टर त्याआधीच गेला होता. मी बी.एड. करत असताना तो वजनावर विकला गेला. चाचा त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी त्यांनी कपाटावरची प्रतिकृती खाली काढली, धूळ पुसली आणि परत ठेवली.

काही देशांत लोक ट्रॅक्टरच्या प्रतिकृती आवडीने जमवतात. 1945 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात फ्रेड अर्टल नावाच्या ओतकाम करणाऱ्या कामगाराने घरातच अॅल्युमिनियम वितळवून छोटे ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. पुढे त्याची मोठी कंपनी झाली. त्याच राज्यातील डायर्सविल गावात शेतीच्या खेळण्यांचे संग्रहालय आहे. तेथे एकास सोळा प्रमाणाच्या प्रतिकृती फार लोकप्रिय आहेत. आपल्याला महाग प्रतिकृती विकत घेण्याची गरज नाही. पुठ्ठा, धाट, टेप आणि वही एवढे पुरे आहे.

तुमच्या गावातही एखादा जुना ट्रॅक्टर झाडाखाली उभा असेल. मालकाची परवानगी घ्या. इंजिन बंद आहे आणि किल्ली काढलेली आहे, याची मोठ्या माणसाकडून खात्री करून घ्या. मग त्याचे माप घ्या. चालकाला विचारा, हा कोणत्या साली आला, याने काय काय केले. ते सगळे वहीत लिहा. ट्रॅक्टर उद्या भंगारात गेला, तरी तुमची वही राहील.

आमची प्रतिकृती आता माझ्या वर्गात आहे. तिचा रंग उडाला आहे, एक चाक थोडे वाकले आहे. झाकण मात्र जागेवर आहे.

शब्दार्थ
प्रतिकृती – एखाद्या वस्तूसारखी मापात केलेली लहान वस्तू
अश्वशक्ती – इंजिनाची ताकद मोजण्याचे माप
धाट – ज्वारीचे वाळलेले ताट
शिवार – गावाच्या शेतांचा परिसर
मळणी – कणसांतून किंवा शेंगांतून दाणे वेगळे करणे
भंगार – मोडके, निरुपयोगी सामान

स्वाध्याय
प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दसऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये चाचांना कोणते दोष दिसले?
(आ) फर्ग्युसन यांनी नांगर किती ठिकाणी जोडला?
(इ) पीटीओचा दांडा एका सेकंदात किती फेरे घेतो?

प्र. 2. कारणे लिहा.
(अ) ट्रॅक्टरची मागची चाके मोठी असतात.
(आ) चाचांनी प्रतिकृतीच्या दांड्यावर झाकण बसवले.

प्र. 3. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले शेतीविषयीचे पाच शब्द लिहा.

उपक्रम : एक बैलगाडी मोजा आणि एकास सोळा प्रमाणात तिची प्रतिकृती बनवा.