शोधनिबंध छापायला किती पैसे लागतात?

पीएचडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज हमखास फिरतो: ‘४८ तासांत स्वीकृती, यूजीसी केअर जर्नल, फी १,५०० रुपये, सहलेखकाचं प्रमाणपत्र मोफत.’ हे दीड हजार बुडीत खात्यात. केअर यादी यूजीसीने २०२५ मध्येच बंद केली. खरा परीक्षक निबंध वाचून शेरे लिहितो, त्याला आठवडेच काय, महिनेही लागतात. आयएसएसएन क्रमांक तर जर्नलला फुकट मिळतो; त्यावरून दर्जा कळत नाही.

मुळात निबंध छापणं तुम्हाला सक्तीचं आहे का, ते आधी पाहा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापायची अट उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम असेल, तर तो पीएचडी विभागात विचारा.

छापायचाच असेल तर चांगल्या जागी अनेकदा खर्च शून्य. मुंबईचं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ लेखकाकडून फी घेत नाही. वर्गणीवर चालणारी बरीच जर्नल्सही घेत नाहीत. मोठी रक्कम लागते ती निबंध सर्वांना मोफत वाचायला खुला ठेवायचा तेव्हा: ‘नेचर’ने २०२० मध्ये त्याचा दर ९,५०० युरो जाहीर केला. फीमाफी हवी असेल तर निबंध पाठवतानाच मागा.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीसाठी झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका. शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ग्रंथालयात चौकशी करा. दुकानदाराच्या खात्यावरून तुमचा मजकूर सॉफ्टवेअरच्या साठ्यात जाऊन बसला, तर पुढे तुमचाच प्रबंध त्याच्याशी जुळतो आणि साम्याची १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते.

इंग्रजी तपासून घ्यायला पैसे जरूर द्या, त्या माणसाचे आभारही माना. लेखकाची जागा मात्र विकत घेऊ नका, विकू नका आणि भिडेखातर देऊ नका, समोर विभागप्रमुख का असेनात. संशोधनात खरं काम केलं, लेखनात हात लावला, शेवटच्या मसुद्याला मान्यता दिली आणि चुकांची जबाबदारी घेतली, तोच लेखक. यातलं एकही कमी असेल तर नाव आभारांत घाला.

फी भरण्यापूर्वी संपादक मंडळातलं एक नाव निवडा. त्यांच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून ईमेल शोधा आणि विचारा, ‘आपण या जर्नलचं काम पाहता का?’ आपलं नाव तिथे छापलंय हे काहींना तेव्हाच कळतं.